गोलरक्षकाने अडवली, पण पेनल्टी संपली का?

वसई-विरारच्या पश्चिम पट्ट्यात, पापडी-सांडोर-गिरीजपासून निर्मळ-नंदाखालपर्यंतच्या गावांत फुटबॉल रुजलेला आहे. रेल्वेच्या पूर्वेला टर्फची मैदानं उभी राहिल्यापासून नालासोपारा आणि विरारची मुलंही रात्री दिव्यांच्या उजेडात तोच खेळ खेळू लागली आहेत. गावपातळीवरच्या स्पर्धांत सामने जास्त आणि वेळ कमी असतो. त्यामुळे बाद फेरीत बरोबरी झाली की बहुतेक वेळा जादा वेळ न देता थेट पेनल्टी शूटआऊटवर निकाल लागतो. ज्या प्रसंगावरून वाद पेटतो तो साधारण असा असतो. किक बसते, गोलरक्षक झेपावतो, चेंडू त्याच्या तळव्यांवर आपटून वर उडतो, पुढे पडतो आणि टप्पा खाताच फिरकीमुळे मागे वळून गोलरेषेकडे सरकू लागतो. तोवर गोलरक्षक मुठी उंचावून आपल्या संघाकडे धावत सुटलेला असतो. चेंडू रेषा ओलांडतो. एक बाजू गोल मागते, दुसरी बाजू म्हणते की किक अडवली तेव्हाच संपली. पंचाकडे सगळ्यांचे डोळे लागतात आणि नियम ठाऊक नसेल तर निकाल मोठ्या आवाजाच्या बाजूने लागतो. खेळाडू, प्रशिक्षक, पंच आणि आयोजक या सगळ्यांना एक गोष्ट पक्की माहीत असायला हवी: गोलरक्षकाचा हात लागला म्हणून पेनल्टी संपत नाही. चालू खेळात नाही, वेळ संपल्यावर वाढवून दिलेल्या पेनल्टीत नाही आणि शूटआऊटमध्येही नाही.

फुटबॉलचे नियम आंतरराष्ट्रीय फुटबॉल असोसिएशन बोर्ड ठरवतं. पेनल्टीचा नियम चौदावा आणि शूटआऊटची पद्धत दहाव्या नियमात येते. मैदानावर पेनल्टीची गाठ तीन वेगवेगळ्या परिस्थितींत पडते आणि तिन्हींत तिचा शेवट थोडा वेगळा आहे. पहिली परिस्थिती चालू सामन्यातली. इथे चेंडूला लाथ बसून तो स्पष्टपणे पुढे सरकला की तो खेळात आला. गोलरक्षकाने तो ढकलला तर परत आलेल्या चेंडूवर कोणीही तुटून पडू शकतं, किक मारणाराही. बंधन एकच: खांबाला किंवा आडव्या दांडीला लागून थेट त्याच्याकडेच आलेला चेंडू किक मारणाऱ्याने दुसऱ्या कोणाचा स्पर्श होण्याआधी खेळायचा नाही. खेळला तर विरुद्ध संघाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते. आपल्याकडे हे बंधन अनेकांना माहीत नसतं आणि खांबावरून परतलेला चेंडू जाळ्यात मारून खेळाडू आनंदाने धावत सुटतात. दुसरी परिस्थिती अर्ध किंवा सामना संपलेला असताना केवळ ही किक घेता यावी म्हणून वाढवलेल्या वेळेची. इथे चेंडू थांबला, बाहेर गेला, बचाव करणाऱ्या गोलरक्षकाखेरीज कोणत्याही खेळाडूने तो खेळला, किंवा किक मारणाऱ्याच्या अथवा त्याच्या संघाच्या चुकीसाठी पंचाने खेळ थांबवला, की किक संपली. तिसरी परिस्थिती शूटआऊटची. चेंडू थांबला, बाहेर गेला किंवा पंचाने एखाद्या चुकीसाठी खेळ थांबवला, की किक संपली. किक मारणाऱ्याला चेंडू दुसऱ्यांदा खेळता येत नाही. तिन्ही व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या तर लक्षात येतं की गोलरक्षकाच्या स्पर्शाने किक संपते असं यांपैकी एकीतही लिहिलेलं नाही. वाढवलेल्या वेळेच्या नियमात तर त्याचा स्पर्श नाव घेऊन वगळला आहे.

हा नियम असा का, याचं उत्तर थोडा विचार केला तर मैदानावरच सापडतं. समजा, गोलरक्षकाचा हात लागताच किक संपते असं ठरवलं. मग त्याच्या बोटांना चाटून वरच्या कोपऱ्यात घुसलेला चेंडू गोल धरायचा की नाही? हातातून निसटून पायांमधून मागे गेलेला चेंडू? असे गोल नाकारावेत, असं खुद्द गोलरक्षकही म्हणणार नाही. म्हणजे स्पर्शाने किक संपते असं म्हणणाऱ्याला खरं तर वेगळंच सुचवायचं असतं: चेंडू गोलपासून दूर जाऊ लागला की किक संपली मानावी. पण दूर जाऊ लागला, हे ठरवायचं कोणी आणि कसं? हाताला लागून सरळ वर उडालेला चेंडू दूर जातो आहे की जवळ येतो आहे? दांडीच्या खालच्या कडेला लागून रेषेवर आपटलेला चेंडू कोणत्या दिशेचा मानायचा? पावसाळ्यात चिखलात रुतून जागच्या जागी भिरभिरणाऱ्या चेंडूचं काय? अशा वेळी पंचाला अंदाज बांधावा लागेल आणि अंदाजावर दिलेला निर्णय भांडणाला आमंत्रण ठरेल. चेंडू थांबला का, बाहेर गेला का, रेषा ओलांडली का, हे मात्र डोळ्यांना दिसतं. नियमाने पेनल्टीचा शेवट दिसणाऱ्या गोष्टींना बांधला आहे तो यासाठी. शिवाय हा नियम गोलरक्षकाच्याही बाजूचा आहे. चेंडू हातातून निसटून रेषेकडे सरकत असताना तो वळून त्यावर झेप घेऊ शकतो, एकदा, दोनदा, हवं तितक्या वेळा, आणि संपूर्ण चेंडू रेषेपार जाण्याआधी त्याला पकडलं तर किक वाया गेली. पहिल्या स्पर्शाला किक संपत असती तर त्याच्या या धडपडीला काही किंमतच उरली नसती.

या मुद्द्यावर जगाचं लक्ष वेधणारा प्रसंग 21 जून 1986 रोजी मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा इथे घडला. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत ब्राझील आणि फ्रान्स जादा वेळेनंतरही 1-1 असे बरोबरीत होते. शूटआऊटमध्ये फ्रान्सच्या ब्रूनो बेलोनने मारलेली किक खांबावर आदळली आणि परत आली. ब्राझीलचा गोलरक्षक कार्लोस झेपावून आडवा झाला होता. परतणारा चेंडू त्याच्या पाठीवर बसला आणि जाळ्यात गेला. रुमानियाचे पंच इओआन इग्ना यांनी गोल दिला. ब्राझीलचा कर्णधार एडिन्हो याचं म्हणणं होतं की खांबाला लागून चेंडू परतला तेव्हाच किक वाया गेली. या तक्रारीबद्दल त्याला पिवळं कार्ड मिळालं. फ्रान्सने शूटआऊट 4-3 असं जिंकलं. एडिन्होचा राग समजण्याजोगा होता, कारण त्या वेळी नियमाचे शब्द आजइतके स्पष्ट नव्हते. 1987 मध्ये बोर्डाने पेनल्टीच्या नियमाचं स्पष्टीकरण केलं ते इग्ना यांच्या निर्णयाला धरून. तेव्हापासून खांब, दांडी आणि गोलरक्षक यांना कोणत्याही क्रमाने, कितीही वेळा लागून आत गेलेला चेंडू गोलच आहे. विश्वचषकातल्या इतक्या मोठ्या सामन्यात पंच ठाम राहिला म्हणून पुढचा संभ्रम टळला. गावच्या मैदानावर कोणी दांडीवरून परतली म्हणजे गेली असं म्हणू लागला, तर त्याला सांगण्यासारखा हा प्रसंग आहे.

दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे, कारण त्यात गोलरक्षकाची चूक उघडी दिसते. सप्टेंबर 2010 मध्ये मोरोक्कोच्या थ्रोन कप स्पर्धेत राबातच्या संघाचा गोलरक्षक खालिद अस्करी याने शूटआऊटमधली एक किक अडवली. चेंडू वर उडाला आणि अस्करी प्रेक्षकांकडे वळून छाती ठोकू लागला. त्याच्या मागे चेंडू टप्पा घेत, फिरकी खात शांतपणे गोलमध्ये गेला. पंचाने गोल दिला आणि तो निर्णय पूर्णपणे बरोबर होता. गोलरक्षकांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांनी हे दृश्य मुलांना एकदा तरी दाखवावं. त्यातून शिकायची गोष्ट सोपी आहे. किक अडवल्यावर पहिली नजर चेंडूवर हवी. तो हातात असेल तर घट्ट धरून ठेवायचा, सुटला असेल तर पुन्हा झेपावायचं. चेंडू थांबल्याचं, बाहेर गेल्याचं किंवा पंचाने किक संपल्याचं स्पष्ट दाखवल्याचं पाहिल्यावरच उठायचं. किक ढकलायची वेळ आली तर ती वर किंवा समोर ढकलण्यापेक्षा बाजूला, खांबाच्या बाहेर जाईल अशी ढकलावी. चालू खेळात त्यामुळे रिबाऊंडवर टपलेल्या खेळाडूला संधी मिळत नाही आणि शूटआऊटमध्ये फिरकीने मागे वळण्याचा धोका टळतो.

खरा गोंधळ मात्र वेळ संपताना मिळालेल्या पेनल्टीचा आहे. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. पेनल्टी किक फुटबॉलमध्ये आली ती जून 1891 मध्ये, आयर्लंडच्या विल्यम मॅक्रम यांच्या सूचनेवरून. सुरुवातीला वेळ संपली की पेनल्टीही बुडत असे. स्टोक आणि ॲस्टन व्हिला यांच्या सामन्याची गोष्ट त्या काळाविषयी नेहमी सांगितली जाते: सामना संपायला दोनेक मिनिटं असताना स्टोकला पेनल्टी मिळाली, व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू मैदानाबाहेर दूर भिरकावून दिला आणि तो परत येईपर्यंत वेळ संपली. त्यानंतर पेनल्टी घेता यावी म्हणून वेळ वाढवण्याची तरतूद झाली. आजचा सातवा नियम हेच सांगतो: पेनल्टी घ्यायची किंवा पुन्हा घ्यायची राहिली असेल तर ती पूर्ण होईपर्यंत अर्ध वाढवलं जातं. या इतिहासावरून नियमाचा हेतू कळतो. वाढवलेली वेळ फक्त त्या एका किकपुरती असते. तेवढ्यापुरता खेळ किक मारणारा आणि गोलरक्षक यांच्यातला असतो. म्हणून दुसऱ्या कोणाचा पाय चेंडूला लागला, मग तो आक्रमकाचा असो की बचावपटूचा, की वाढवलेली वेळ संपली. गोलरक्षकाने अडवलेल्या चेंडूवर सहकाऱ्याने मारलेला गोल इथे धरला जात नाही. खांबावरून गोलरक्षकाच्या पाठीला लागून आत गेलेला चेंडू मात्र धरला जातो, कारण मध्ये तिसरं कोणी आलेलं नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा आणि आपल्या स्पर्धांत तोच सर्वात जास्त चुकतो. इंज्युरी टाइम, म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई, आणि पेनल्टीसाठी वाढवलेली वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्वद मिनिटं उलटून गेली असली तरी भरपाईची वेळ शिल्लक असेल तर पेनल्टी चालू खेळातलीच असते आणि रिबाऊंड खुला असतो. 12 मे 2013 रोजी इंग्लंडमध्ये वॉटफर्ड आणि लेस्टर यांच्यातल्या प्ले-ऑफ उपांत्य सामन्यात हेच घडलं. भरपाई वेळेच्या अखेरीस लेस्टरला पेनल्टी मिळाली. अँथनी नॉकार्टची किक गोलरक्षक अल्मुनियाने अडवली, परत आलेल्या चेंडूवर नॉकार्टने पुन्हा मारलेला फटकाही त्याने अडवला. पंच मायकेल ऑलिव्हर यांनी शिट्टी वाजवली नाही, कारण वेळ शिल्लक होती. वॉटफर्डने चेंडू थेट दुसऱ्या टोकाला नेला, ट्रॉय डीनीने गोल केला आणि संघाने अंतिम फेरी गाठली. लेस्टरच्या खेळाडूंनी क्षणभर ही किक शेवटची समजून पाय सैल सोडले असतील की नाही हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या मैदानावर मात्र असं घडताना दिसतं: किक अडवली की दोन्ही संघ उभे राहतात, कारण वेळ संपली की नाही हे कोणालाच माहीत नसतं. यावर उपाय पंचाच्या हातात आहे आणि त्याला खर्च शून्य. किक घेण्याआधी पंचाने घड्याळ पाहावं आणि दोन्ही कर्णधारांना, किक मारणाऱ्याला आणि गोलरक्षकाला मोठ्याने सांगावं: वेळ संपली आहे, रिबाऊंड नाही, किंवा वेळ बाकी आहे, खेळ चालू राहील. इतकं सांगितलं तर नंतरचे बहुतेक वाद उद्भवणारच नाहीत.

वेळ संपली म्हणजे संपली, मग पेनल्टीसाठी ती का वाढवायची, असा एक आक्षेप ऐकू येतो. रांगेत पुढचे सामने असतात, सूर्य मावळत असतो, टर्फ असेल तर पुढच्या बुकिंगवाले दारात उभे असतात. आयोजकांची ही अडचण खरी आहे. पण वेळ वाढवायची नाही असं ठरवलं तर शेवटच्या मिनिटात पेनल्टी एरियात प्रतिस्पर्ध्याला पाडणं फायद्याचं होतं, कारण शिक्षा मिळेपर्यंत वेळच उरत नाही. स्टोकच्या सामन्यात हेच दिसलं होतं. वाढवलेली वेळ मोजली तर ती काही सेकंदांची असते. वेळापत्रकाचं खरं नुकसान किकनंतर अर्धा तास चालणाऱ्या हुज्जतीने होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अडवलेल्या पेनल्टीवर रिबाऊंडची दुसरी संधी आक्रमक संघाला देणं अन्यायाचं आहे, असं अनेकांना वाटतं. फिफाच्या पंच समितीचे प्रमुख पिएरलुइजी कोलिना यांनीही 2025 च्या सुरुवातीला अशाच अर्थाची सूचना केली होती: पेनल्टी एकच फटका असावी आणि अडवली की गोल किकने खेळ सुरू व्हावा. या मताशी सहमत होण्यासारखं बरंच आहे. अकरा मीटरवरून मोकळा फटका मारण्याची संधी हाच मोठा लाभ आहे. मात्र 2025-26 च्या नियमपुस्तकात हा बदल नाही. नियम बदलावा असं मत असणं आणि तो बदलल्यासारखं खेळवणं यांत फरक आहे. आणि ही सूचना उद्या मान्य झाली तरी गोलरक्षकाच्या हाताला लागून आत जाणारा चेंडू गोलच राहील, कारण ती सूचना रिबाऊंडवरच्या दुसऱ्या संधीबद्दल आहे.

तिसरा आक्षेप स्थानिक आहे: आमच्या स्पर्धेचे नियम आमचे. पाच किंवा सात जणांच्या सामन्यात, रिंकवर किंवा टर्फवर आयोजक चालू खेळातही रिबाऊंड नाही असं ठरवतात. मैदान लहान, गोल लहान, गर्दी जास्त, म्हणून ते सोयीचं वाटतं. बोर्डाने तळागाळाच्या, कुमार आणि ज्येष्ठ (व्हेटरन) गटाच्या फुटबॉलसाठी मैदानाचा आकार, चेंडूचा आकार, खेळाचा वेळ, बदली खेळाडू परत आणण्याची मुभा अशा गोष्टींत मोकळीक दिली आहे. पेनल्टी कधी संपते हे बदलण्याची मुभा त्या यादीत नाही. म्हणून संघटनेच्या अधिकृत स्पर्धेत असा स्थानिक नियम टिकणार नाही. खासगी टर्फ स्पर्धेत तो ठेवायचाच असेल तर प्रवेश अर्जावर लिहावा, ड्रॉच्या दिवशी सगळ्या कर्णधारांसमोर वाचून दाखवावा आणि अंतिम सामन्यात बदलू नये. अलिखित नियम ऐनवेळी कोणाच्या तरी सोयीने आठवतो आणि त्यावर कोणाचाच विश्वास बसत नाही. माझ्या मते तो ठेवूच नये. वसईतला मुलगा उद्या मुंबईत कूपरेजवर किंवा पुण्यात बालेवाडीत खेळायला गेला तर त्याला तिथला नियम नव्याने शिकावा लागू नये.

बालेवाडीचं नाव इथे आलं आहे ते उगाच नाही. 2022 च्या महिला आशियाई चषकात पुण्यातल्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात चार-पाच दिवसांत दोन मोठी शूटआऊट झाली. 30 जानेवारीला फिलिपिन्सने तैवानला हरवून आपला पहिलावहिला विश्वचषक प्रवेश मिळवला. त्यांची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने किक अडवल्या आणि स्वतः किक घेऊन गोलही केला. 3 फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात चीनने जपानला तिथेच शूटआऊटमध्ये हरवलं. त्यानंतर काही आठवड्यांनी, 20 मार्च 2022 रोजी, गोव्यात फातोर्ड्याला हैदराबाद आणि केरला ब्लास्टर्स यांच्यात इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) अंतिम सामना झाला आणि तोही 1-1 बरोबरीनंतर पेनल्टीवर गेला. हैदराबादचा गोलरक्षक गोव्याचाच लक्ष्मीकांत कट्टीमणी. त्याने निशू कुमारची किक अडवली, पण तो रेषा सोडून पुढे आल्यामुळे ती किक पुन्हा घ्यायला लावली गेली. कट्टीमणीने पुन्हा अडवली. हैदराबाद 3-1 असं जिंकलं. या प्रसंगातून गोलरक्षकांनी दुसरी गोष्ट शिकावी: अडवलेली किकही धरली जाईल याची खात्री नसते. चेंडूला लाथ बसते त्या क्षणी गोलरक्षकाच्या निदान एका पायाचा काही भाग गोलरेषेला टेकलेला, तिच्या वर किंवा तिच्या मागे असायला हवा. तसं नसेल आणि त्याने किक अडवली असेल तर ती पुन्हा होते. पहिल्या वेळी ताकीद, पुढच्या वेळी पिवळं कार्ड. किक चुकून बाहेर गेली किंवा खांबावर बसली असेल तर मात्र गोलरक्षकाच्या हालचालीचा किक मारणाऱ्यावर स्पष्ट परिणाम झाला होता का, हे पाहून पंच ठरवतो.

आता किक मारणाऱ्याची बाजू. पावसाळ्यात, म्हणजे शाळांच्या जिल्हास्तरीय स्पर्धा आणि सुब्रतो चषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्या होतात त्याच दिवसांत, वसईची मैदानं ओली आणि निसरडी असतात. टेकवलेला पाय घसरतो आणि चेंडूला लाथ बसताना तोही चाटून जातो. 12 मार्च 2025 रोजी चॅम्पियन्स लीगमध्ये रेयाल माद्रिदविरुद्ध अ‍ॅटलेटिकोच्या हुलियन आल्वारेसबाबत हेच झालं. शूटआऊटमध्ये त्याची किक आत गेली, पण घसरताना दुसऱ्या पायाचा स्पर्श झाल्याने ती रद्द धरली गेली आणि अ‍ॅटलेटिको बाहेर पडला. त्यानंतर जून 2025 मध्ये बोर्डाने स्पष्टीकरण काढलं. असा दुहेरी स्पर्श अजाणतेपणी झाला आणि चेंडू गोलमध्ये गेला तर किक पुन्हा घ्यायची. गोल झाला नाही तर शूटआऊटमध्ये ती वाया गेलेली मानायची आणि सामन्यात विरुद्ध संघाला अप्रत्यक्ष फ्री किक द्यायची. जाणूनबुजून दोनदा खेळला तर पुन्हा संधी नाही. आपल्या भागातल्या अनेक पंचांपर्यंत हा बदल अजून पोहोचलेला नसण्याची शक्यता आहे. प्रशिक्षकांनी सामन्याआधी तो पंचांना नम्रपणे विचारून घ्यावा. किक मारणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: धावत जाताना चकवा देणं चालतं, पण धाव पूर्ण झाल्यावर पाय थांबवून फसवणं चालत नाही. त्याला पिवळं कार्ड मिळतं आणि चेंडू आत गेला तरी गोल धरला जात नाही.

आयोजकांनी तीन-चार साध्या गोष्टी सांभाळल्या तर नियम पाळणं सोपं जाईल. शूटआऊट सुरू होण्याआधी गोलरेषेवर ताजी फक्की मारून घ्यावी, कारण दिवसभराच्या सामन्यांनंतर ती पुसट झालेली असते आणि संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला का, हे ठरवायला तीच एक आधार असते. जाळी खांबांना आणि जमिनीला नीट बांधलेली असावी, नाहीतर बाजूच्या भोकातून आत आलेल्या चेंडूवर गोलचा दावा होतो. सहायक पंच असेल तर त्याला गोलच्या बाजूला रेषेवर उभं करावं. नसेल तर दोन्ही संघांना मान्य असलेला, नियम जाणणारा एक माणूस तिथे ठेवावा आणि निर्णय मात्र मुख्य पंचाचाच राहील हे आधी सांगावं. दोन्ही संघांचे बाकीचे खेळाडू मध्य वर्तुळात थांबतील आणि प्रेक्षक गोलमागून हटवले जातील, हे पाहावं. गोलमागे गर्दी असेल आणि कोणी प्रेक्षक आत येऊन पुढे सरकत्या चेंडूला अडवू लागला तर किक पुन्हा घ्यावी लागते. चेंडू पुढे जात असताना, खेळाडू, खांब किंवा दांडी यांपैकी कशालाही लागण्याआधी फुटला तरीही ती पुन्हा होते. म्हणून तितकाच चांगला दुसरा चेंडू जवळ असावा.

पंचांसाठी शेवटची आणि सर्वात महत्त्वाची सूचना शिट्टीची आहे. शिट्टी तोंडात असते, गोलरक्षकाने झेप घेतली की हात आपोआप वर जातो आणि ती वाजते. शिट्टी वाजली की खेळ थांबला. त्यानंतर चेंडू वळून रेषेपार गेला तर गोल देणंही अडचणीचं आणि न देणंही. म्हणून शूटआऊटमध्ये आणि वाढवलेल्या वेळेत किक बसल्यावर शिट्टी तोंडातून काढून हातात धरावी, चेंडूकडे पाहत राहावं आणि चेंडू थांबल्यावर, बाहेर गेल्यावर, गोलरक्षकाने तो नीट ताब्यात घेतल्यावर किंवा जाळ्यात गेल्यावरच ती वाजवावी. या पावसाळ्यातल्या स्पर्धांपासून वसई-विरारच्या पंचांनी आणि गोलरक्षकांनी एवढी सवय लावून घ्यावी: चेंडू थांबेपर्यंत ना शिट्टी, ना जल्लोष.